न वाचता दिलेले गुण

दिवाळी अंकात समीक्षा यायची ती कादंबरीची, कवितासंग्रहाची, फार तर एखाद्या आत्मचरित्राची. प्रस्तुत लेखात मी ज्या लिखाणाची समीक्षा करणार आहे ते अवघ्या चार छापील पानांचे आहे, इंग्रजीत आहे आणि एका पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिलेले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात नोव्हेंबर २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लेखकाचे नाव होर्हे हिर्श. जन्माने ते अर्जेंटिनाचे, नोकरीने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत. एखाद्या वैज्ञानिकाचे संशोधनकार्य एका आकड्यात कसे मोजता येईल, हा त्या निबंधाचा विषय.

सुजाण वाचक विचारतील, या निबंधाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो घरातला आहे. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले-मुली आज महाविद्यालयांत, विद्यापीठांत, प्रयोगशाळांत काम करीत आहेत. त्यांची नेमणूक, बढती, संशोधनासाठी मिळणारा पैसा यांच्या फाईलीत कुठेतरी हा आकडा असतो. अलीकडे वृत्तपत्रांत दरवर्षी एक बातमी येते, ‘जगातील पहिल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या प्राध्यापकांची निवड’. मग गावात फलक लागतो, शाल-श्रीफळ होते. ती यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन आयोआनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून करायला घेतली. ती ज्या सहा मोजमापांवर आधारलेली आहे त्यांपैकी एक या चार पानी निबंधातून आलेले आहे. गेल्या वीस वर्षांत आपल्या शिकलेल्या घरांवर जितका परिणाम या निबंधाचा झाला तितका कोणत्याही मराठी कादंबरीचा झाला नसेल. तरीही तो आपल्यापैकी फारच थोड्यांनी वाचला आहे.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मराठी घेऊन एम.ए. झालो आणि सीमाभागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मास्तरकी करता करता मुख्याध्यापक झालो. पण उत्तरपत्रिका तपासणे आणि गुण देणे हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे. गुण म्हणजे काय, ते काय सांगतात आणि काय लपवतात, याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार त्यामुळे मला पोचतो, असे मी समजतो.

प्रथम निबंधात काय म्हटले आहे ते पाहू. वैज्ञानिक जे संशोधन करतो ते शोधनिबंधाच्या रूपाने नियतकालिकात छापले जाते. पुढचा संशोधक आपल्या निबंधात आधीच्या निबंधांचा उल्लेख करतो. आपल्याकडे जुन्या शास्त्रीपंडितांनी पूर्वसूरींची नावे घ्यावीत, तशीच ही रीत. तेव्हा एखाद्याच्या निबंधाचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला हे मोजता येते. हिर्श म्हणतात, त्या वैज्ञानिकाचे सर्व निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने मांडा. ज्या क्रमांकापर्यंत उल्लेखांची संख्या त्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहे, तो क्रमांक म्हणजे त्याचा एच-निर्देशांक.

उदाहरण घेऊ. एका संशोधकाच्या आठ निबंधांचे उल्लेख असे आहेत : ३०, १८, ९, ६, ५, ४, २, ०. पाचव्या निबंधाला पाच उल्लेख आहेत, सहाव्याला मात्र चारच. म्हणून त्याचा एच पाच. दुसऱ्या संशोधकाच्या सहा निबंधांचे उल्लेख ६०, ९, २, १, १, १. बेरीज करून पाहा, दोघांचीही ७४ भरते. पण दुसऱ्याचा एच फक्त दोन. पहिला सातत्याने लिहीत राहिला, दुसऱ्याचा एकच निबंध गाजला. हिर्श यांच्या मोजमापाने पहिला श्रेष्ठ ठरतो.

निबंध म्हणून हे लिखाण चांगले आहे, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्यात पाल्हाळ नाही. नुसती निबंधांची संख्या मोजली तर रद्दी लिहिणारा पुढे जातो. उल्लेखांची बेरीज केली तर एखाद्याच गाजलेल्या निबंधाने, तोही दहाजणांनी मिळून लिहिलेला असला तरी, चित्र बिघडते. हे दोष दाखवून ते आपला उपाय मांडतात. आठवीतल्या मुलालाही समजेल असा तो उपाय आहे. मग ते अंदाजही देतात : वीस वर्षांच्या कामानंतर एच वीस असेल तर वैज्ञानिक यशस्वी, चाळीस असेल तर असामान्य, साठ असेल तर विरळा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत कायम नेमणुकीला सुमारे बारा आणि पूर्ण प्राध्यापकपदाला सुमारे अठरा असावा, असे ते सुचवतात. एडवर्ड विटन या भौतिकशास्त्रज्ञाचा एच त्या वेळी ११० होता, हेही ते नोंदवतात.

यामागचा हेतूही दुष्ट नव्हता. मोजमाप नसते तेव्हा काय असते, हे आपण सीमाभागातल्या लोकांनी विसरू नये. तेव्हा वशिला असतो, जात असते, भाषा असते, कोण कुणाचा विद्यार्थी हे असते. ज्याच्या मागे कुणी नाही अशा खेड्यातल्या मुलाला आकडा हा आधार वाटतो. ‘साहेब, माझे गुण पाहा’ असे त्याला ताठ मानेने म्हणता येते. आमच्या शाळेतून एस.एस.एल.सी.ला चांगले गुण मिळवून गेलेल्या कितीतरी मुलांना त्या गुणांनीच दार उघडून दिले आहे. म्हणून आकड्याला सरसकट शिव्या देणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. परीक्षेत मूल जे गुण मिळवते ते कुणीतरी त्याची उत्तरपत्रिका वाचून दिलेले असतात. घाईने वाचली असेल, पण वाचलेली असते. एच-निर्देशांक देताना वाचण्याची गरजच उरत नाही. माझ्या मते या निबंधाचे खरे आकर्षण इथेच आहे. फाईल समोर आली, आकडा पाहिला, सही केली. समितीतल्या एकानेही त्या माणसाचे एक पानदेखील वाचलेले नसले तरी काम अडत नाही.

हे असे कसे झाले, ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. उल्लेखांची पहिली पद्धतशीर जंत्री वैज्ञानिकांनी केली नाही, ती वकिलांसाठी झाली. अमेरिकेत १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड यांनी कोणत्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या खटल्यात घेतला गेला याची यादी छापायला सुरुवात केली. जुना निकाल अजून ग्राह्य आहे की मोडीत निघाला, हे वकिलाला चटकन कळावे एवढाच हेतू. ती कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी मांडली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियाहून त्यांची उल्लेख-सूची निघू लागली. ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावावे हा विचार आपल्याकडेही नवा नव्हता. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शि. रा. रंगनाथन यांनी १९४८ मध्येच त्यासाठी ‘लायब्रमेट्री’ असा शब्द योजला होता. पुढे १९६२ मध्ये त्यांनी बेंगळूरला आपले प्रशिक्षण केंद्रही सुरू केले.

या साऱ्या उद्योगाचा मूळ हेतू वाचकाला मदत करण्याचा होता. कुठे काय लिहिले गेले आहे ते सापडावे आणि ज्याला वाचायचे आहे त्याने ते वाचावे. वाचकाला पुस्तकापर्यंत नेणारी ही पायवाट होती. पुढे त्याच पायवाटेवर किती पावले उमटली ते मोजून गावाची किंमत ठरवण्याची चाल पडली. हिर्श यांचा निबंध हा त्या प्रवासातला शेवटचा सुटसुटीत टप्पा आहे. त्याच्या आधी नियतकालिकांना गुण मिळत होते. आता माणसाला मिळू लागले.

आता उल्लेख म्हणजे काय, याचा विचार करू. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. आपल्याकडे प्रबंधात ज्ञानेश्वरांचे नाव येते ते कधी त्यांच्या ओवीवर खरा विचार करण्यासाठी, तर कधी नुसता नमस्कार म्हणून. एखाद्या टीकाकाराचे नाव येते ते त्याचे म्हणणे खोडण्यासाठी. कधी मार्गदर्शकाचे नाव येते ते तो मार्गदर्शक आहे म्हणून. मोजणाऱ्या यंत्राला यांतला फरक कळत नाही. नमस्कार, खंडन, ऋण, खुशामत, सगळे त्याच्या लेखी एक.

याचे मोठे उदाहरण म्हणजे ऑलिव्हर लौरी. द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची एक रीत या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत रोज लागणारी गोष्ट. म्हणून ती वापरणारा प्रत्येकजण त्या निबंधाचा उल्लेख करीत गेला. २०१४ मध्ये जगातल्या सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर निबंधांची मोजणी झाली तेव्हा हा निबंध तीन लाखांहून अधिक उल्लेखांसह पहिला होता. स्वतः लौरी मात्र तो आपला थोर निबंध मानीत नसत. आणि ज्या निबंधाने आनुवंशिकतेचे रहस्य उलगडले तो वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ मधला निबंध? तो त्या शंभरांत नव्हता. स्वयंपाकघरात पळी रोज हातात येते, म्हणून घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू पळी असे कुणी म्हणत नाही. पळीची उपयुक्तता मात्र मान्य केलीच पाहिजे.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे घ्यावे. जन्म १९०७, गोव्यातल्या कोसबेनचा. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध विद्येचे थोर पंडित. दामोदर कोसंबींचा पेशा गणिताचा, पण नाणेशास्त्र, संस्कृत काव्याच्या संपादित आवृत्त्या आणि प्राचीन भारताचा इतिहास या प्रांतांत त्यांनी जे केले त्याने त्या त्या प्रांताची दिशा बदलली. अशा माणसाला एच-निर्देशांकाची पट्टी लावली तर काय होईल?

१९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. ‘कोसंबी फलन’ या नावाने ते आजही पिकांचे आनुवंशिक नकाशे काढणाऱ्यांच्या हाताशी असते. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी संख्याशास्त्रातली एक मूलगामी कल्पना मांडली. थोड्याच वर्षांनी फिनलंडच्या कारुनेन यांनी आणि फ्रान्समध्ये शिकलेल्या लोएव्ह यांनी ती आपापल्या वाटेने मांडली आणि ग्रंथांत त्या दोघांचे नाव रूढ झाले. कोसंबींचे नाव त्यांच्या आधी जोडायला हवे, हे अभ्यासक आता सांगू लागले आहेत. पण मधली कित्येक दशके उल्लेख दुसऱ्यांच्या खात्यावर जमा होत राहिले. निबंध भारतातल्या नियतकालिकात छापला गेला, एवढ्याने त्याचा आवाज दूर पोचला नाही. आणि १९५६ मध्ये आलेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा ग्रंथ? निबंधांच्या यादीत ग्रंथाला जागाच धड नसते.

याच कोसंबींनी १९३१ मध्ये एक गमतीचा निबंध छापला होता. आंद्रे वेय या फ्रेंच गणितज्ञाच्या सूचनेवरून त्यांनी ‘बोर्बाकी’ नावाच्या एका गणितज्ञाच्या सिद्धांताचा आधार घेतला. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता! छापील उल्लेख म्हणजे सत्य नव्हे, हे त्यांनी हिर्श यांच्या निबंधाच्या चौऱ्याहत्तर वर्षे आधी हसत हसत दाखवून दिले होते.

दुसरे उदाहरण माझ्या पेशाचे, म्हणून विशेष प्रेमाचे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९०५ मध्ये डहाणूला जन्मले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा आणि हेच पुन्हा करीत राहा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च येणार. हा शोध त्यांनी १९४९ मध्ये लावला. त्यांचे पुष्कळसे लिखाण किरकोळ नियतकालिकांत किंवा स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिकांत आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाचे लक्ष गेले. गार्डनर यांनी कापरेकरांचे उल्लेख मोजले नाहीत. त्यांनी कापरेकर वाचले. मुद्दा एवढाच आहे.

आता या आकड्याने काय घडवले ते पाहू. इंग्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवले. त्याचा सोपा मथितार्थ असा की, जे माप लक्ष्य बनते ते माप म्हणून निकामी होते. शाळामास्तराला हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शाळेची प्रतिष्ठा निकालाच्या टक्केवारीवर ठरू लागली त्या दिवसापासून पाठ्यपुस्तक मागे पडले आणि गाईडे पुढे आली. मूल धडा वाचेनासे झाले. ‘सर, हे परीक्षेला येणार का?’ एवढेच विचारू लागले.

विद्यापीठ अनुदान मंडळाने २०१० च्या नियमावलीत महाविद्यालयीन अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली आणि शोधनिबंधाला गुण ठेवले. पुढे नियम बदलत गेले, पण मोजण्याची सवय पक्की झाली. विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या प्रपत्रांत विद्यापीठाच्या एच-निर्देशांकाचाही रकाना आला. निबंध हवेत म्हटल्यावर ते छापणारी दुकाने निघाली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या! २०१८ मध्ये पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अनुदान मंडळाच्या मान्यताप्राप्त यादीतली नियतकालिके तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्यांपैकी जी तपासली त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. याद्या येतात, जातात. वाचण्याचे काम तसेच राहते.

परदेशातही यापेक्षा फार निराळे नाही. आयोआनिडिस यांच्या त्याच माहितीसाठ्यातून २०१९ मध्ये असे दिसले की, अडीचशेहून अधिक वैज्ञानिकांचे निम्म्यापेक्षा जास्त उल्लेख त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सहलेखकांनीच केलेले होते. आणि २०२४ मध्ये तर दोन अभ्यासकांनी ही सारी व्यवस्था किती पोकळ आहे ते दाखवण्यासाठी लॅरी नावाच्या एका मांजराच्या नावावर बारा निरर्थक निबंध रचले आणि दुसऱ्या खोट्या निबंधांतून त्यांचे उल्लेख करवले. मांजराचा एच अकरा झाला! हिर्श यांनी कायम नेमणुकीसाठी सुचवलेल्या बारापासून ते एकाच पायरीवर थांबले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी ती घरी आली होती. आपल्या भागातल्या पाणथळ जागांतल्या वनस्पतींची नोंद ती आठ वर्षे करते आहे. मी विचारले, “बाई, याचे पुस्तक कधी करणार? मराठीत कर, कन्नडात कर, गावोगावच्या पोरांना वाचता येईल.” ती म्हणाली, “सर, पुस्तकाला कोण विचारतंय? फाईलीत आकडा बघतात की. मराठीत लिहिलं तर ते लिहिल्यातच धरत नाहीत.” चेहऱ्यावर राग नव्हता, ठरलेली गोष्ट सांगावी तसे ती बोलली. मला त्या शांतपणाचेच वाईट वाटले.

आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांतल्या लोकांना या निबंधाची समीक्षा करावीशी वाटावी, याचे कारण तिच्या या उत्तरात आहे. उल्लेख मोजणारे मोठे माहितीसाठे प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिकांवर उभे आहेत. मराठीत किंवा कन्नडात लिहिलेले त्यांच्या लेखी जवळजवळ नाहीच. जयंत नारळीकर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेल्या आणि मे २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या या खगोलशास्त्रज्ञाने केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. ते काम मोजले जाते. पण त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, मुलांसाठी लिहिले आणि ज्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ते ‘चार नगरांतले माझे विश्व’ लिहिले. त्या पुस्तकांनी किती मुलांना आकाशाकडे पाहायला लावले असेल! त्याची बेरीज एच-निर्देशांकात शून्य आहे.

दोन भाषांच्या सीमेवर ज्ञान कसे निर्माण होते हे आपल्या भागाने दाखवून दिलेले आहे. कन्नडचे थोर संशोधक शं. बा. जोशी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पेशाने शाळाशिक्षक. ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले, कारण ज्यांच्याशी वाद घालायचा ते मराठीत वाचणारे होते. कोणत्या भाषेत लिहिले तर ज्यांना कळायला हवे त्यांना कळेल, हा संशोधकाचा पहिला प्रश्न असतो. आकड्याच्या राज्यात त्या प्रश्नाची जागा, कोणत्या भाषेत लिहिले तर मोजले जाईल, या प्रश्नाने घेतली आहे. २०१५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात काही अभ्यासकांनी ‘लायडन जाहीरनामा’ म्हणून संशोधनाच्या मोजणीची दहा तत्त्वे मांडली. स्थानिक महत्त्वाच्या आणि स्थानिक भाषेतल्या संशोधनाचे रक्षण करावे, हे त्यांतले एक तत्त्व आहे. ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्यांत माझी ही विद्यार्थिनी येते, पण तिच्या फाईलीपर्यंत ते अजून पोचलेले नाही.

तेव्हा हिर्श यांना दोषी धरायचे का? समीक्षकाने लेखकाला न्याय द्यावा. एका आकड्यात माणसाचे सर्व पैलू मावत नाहीत, तो फार तर ढोबळ अंदाज देईल आणि इतर पुष्कळ गोष्टींचा विचार व्हावा, असे त्यांनी त्याच निबंधात स्वच्छ लिहिले आहे. निबंधाचा उल्लेख हजारो वेळा झाला. हा इशारा मात्र उल्लेख करणाऱ्यांनी गांभीर्याने घेतल्याचे दिसत नाही. २०२० मध्ये हिर्श यांनी पुन्हा या विषयावर लिहिले. या निर्देशांकाचे आपण कल्पिले नव्हते असे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात, अशी कबुली त्यांनी त्यात दिली. अतिसंवाहकतेविषयी त्यांची स्वतःची मते रूढ सिद्धांताच्या विरोधात आहेत आणि प्रस्थापितांविरुद्ध लिहिणाऱ्याचे उल्लेख कमी होतात, हा अनुभव त्यांनाही आला. आपणच तयार केलेल्या तागडीत उभे राहिल्यावर त्यांना तिचा दोष दिसला.

माझा निष्कर्ष असा. हा निबंध हुशारीचा आहे, प्रामाणिक आहे आणि त्यातला उपाय एका मर्यादेत उपयोगी आहे. शंभर अर्जांतून वीस बाजूला काढायचे असतील, किंवा वशिल्याच्या उमेदवाराला थोपवायचे असेल, तर आकडा जरूर पाहावा. पण ज्या वीसांतून एक निवडायचा त्यांचे लिखाण वाचलेच पाहिजे, आणि वाचता येत नसेल तर ज्याला वाचता येते त्याला समितीत घ्यावे. उत्तरपत्रिकेचे वजन करून गुण देणाऱ्या परीक्षकाला आम्ही शाळेत एक दिवसही ठेवून घेणार नाही.

शेवटी आपल्या गावोगावच्या सत्कार समित्यांना एक विनंती. पुढच्या वेळी आपला कुणी सुपुत्र किंवा सुकन्या ‘पहिल्या दोन टक्क्यांत’ आल्याची बातमी येईल तेव्हा शाल जरूर घाला, आनंद करा. पण फलकावर त्या टक्क्यांबरोबर त्यांच्या कामाचा विषयही लिहा. आणि सत्काराच्या उत्तरादाखल त्यांना अर्धा तास द्या, आपल्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडात, त्यांनी नेमके काय शोधून काढले ते सांगण्यासाठी. शाळेतली नववी-दहावीची मुले पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांना प्रश्न विचारू द्या. ज्यांच्या यादीत नाव आलेले नाही, पण जे आठ-आठ वर्षे तळ्याकाठी नोंदी करीत आहेत, त्यांनाही तसाच अर्धा तास द्या. आमच्या शाळेचे सभागृह यासाठी विनामूल्य मिळेल.